धोट्याचा धागा आणि गिरणीतले बंद दार

#थ्रेड #इतिहास

१.
मुंबईच्या कापडगिरण्यांत एक खाते असे होते, की त्याच्या दारावर कोणतीही पाटी नव्हती, त्याविषयी कोणताही लेखी नियम नव्हता, आणि तरीही शहरातील हजारो कामगारांना त्या दाराच्या आत काम मिळत नसे. कारण सांगितले जाई ते एका धाग्याचे. नोकरीतील भेदभाव आणि त्यावरचा उपाय म्हणून आलेले आरक्षण यांचा इतिहास आपण बहुधा कायद्याच्या कलमांतून वाचतो. आज तो एका धोट्यापासून वाचू.

२.
प्रथम पार्श्वभूमी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे ती गिरणी सुरू झाली. १९२० च्या दशकापर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास आणि कामगारांची सुमारे दीड लाख झाली होती. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, शिवडी हा सारा टापू गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून माणसे पोटासाठी येथे येत होती.

३.
शहरात आले की जात मागे राहील, भोंगा सर्वांसाठी सारखाच वाजेल, अशी आशा अनेकांना होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी ही आशा अधिक मोलाची होती. गावात वतनाची बांधिलकी आणि बलुत्याचा तुकडा होता. लष्कर हा एक मानाचा मार्ग होता, परंतु १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. मग कोकणातील आणि देशावरील कितीतरी कुटुंबांनी मुंबईची वाट धरली. गिरणीने त्यांना काम दिले. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास गिरणी कामगारांपैकी दर दहांमागे एकाहून थोडे अधिक अस्पृश्य समाजातील होते.

४.
म्हणजे गिरणीचे मोठे फाटक त्यांना बंद नव्हते. बंद होते ते आतले एक दार.

कापसाच्या गाठी फुटल्या की तो पिंजला जाई, त्याचे पेळू होत, मग सूत कातले जाई. सुतावर खळ चढवली जाई आणि शेवटी ते विणकाम खात्यात मागावर जाई. गिरणीच्या बोलीत हे साळखाते. अस्पृश्य कामगार सफाईत होते, कापूस फोडण्याच्या धुळीत होते, सूतकताईत मोठ्या संख्येने होते. साळखात्यात मात्र त्यांना प्रवेश नव्हता.

५.
हा प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता. विणकराची मजुरी त्याने विणलेल्या कापडावर ठरे आणि साधारण कामगारांत त्याची महिन्याची कमाई सूतकताईच्या कामगाराहून बरीच अधिक असे. सूतखात्यात धूळ, उष्मा आणि मर्यादित पगार. विणकाम खात्यात कौशल्याला दाम. त्या कमाईतून खोलीचे भाडे, सावकाराचे व्याज, गावी पाठवायचे पैसे आणि मुलाच्या शाळेचा खर्च निघत असे. एका दाराच्या अलीकडे की पलीकडे, यावर एका घराची पुढची पिढी ठरत होती.

६.
आता तो धागा. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा असतो आणि त्यातून आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्याच्या साहाय्याने इकडून तिकडे फेकला जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की नवी कांडी घालायची आणि तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हे चटकन व्हावे म्हणून विणकर धोटा तोंडाला लावी आणि श्वासाने धागा ओढून घेई. दिवसातून कितीतरी वेळा.

७.
तोच धोटा पुढे दुसऱ्या विणकराच्या तोंडी जाई. पाळी बदलली, बदली कामगार आला, की माग तोच आणि धोटाही तोच. येथे स्पृश्य विणकर म्हणत: अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा? आमचा धर्म बाटेल. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो वाद पाण्यावरून पेटला, तोच वाद मुंबईत वाफेच्या आणि विजेच्या यंत्राशेजारी उष्ट्या धाग्यावरून रोज चालू होता. गिरण्यांत पिण्याच्या पाण्याचीही वेगळी व्यवस्था असे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

८.
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारायला हवा. सांगितलेले कारण हेच खरे कारण होते काय? ते तपासून पाहू.

मुंबईच्या साळखात्यांत उत्तर हिंदुस्थानातून आलेले मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते. मदनपुरा ही त्यांची प्रसिद्ध वस्ती. त्या काळच्या सनातनी हिंदूच्या दृष्टीने त्यांचे उष्टेही वर्ज्यच होते. तरीही हिंदू आणि मुसलमान विणकर एकाच खात्यात काम करत होते. म्हणजे विटाळाचा नियम सोयीप्रमाणे वाकत होता.

९.
दुसरा पुरावा अहमदाबादचा. गुजरातेतील वणकर हा अस्पृश्य मानला गेलेला समाज. त्याचा परंपरागत धंदाच हातमागावर कापड विणण्याचा. आपल्या विदर्भातही अनेक महार कुटुंबे हातमागावर विणत असत. परंतु अहमदाबादच्या गिरण्यांत या समाजातील लोक सूतकताई खात्यात एकवटलेले आणि विणकाम खात्याबाहेर राहिले. पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणाऱ्यांना यंत्राच्या मागावर बसण्याची मनाई झाली. त्यांनी विणलेले कापड अंगावर चालत होते, त्यांचा हात मागाला चालत नव्हता.

१०.
तिसरा पुरावा थेट यंत्राचा. तोंडाने धागा ओढण्याची ही पद्धत इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांतही होती. तेथे तिला ‘धोट्याचे चुंबन’ असे नाव होते. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो म्हणून तिच्यावर टीका झाली आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच तिला कायद्याने बंदी घातली. हाताने धागा ओवता येईल असे धोटे उपलब्ध होते. म्हणजे अडचण खरोखर तोंड लावण्याचीच असती, तर धोटा बदलता आला असता. मुंबईत धोटा बदलण्याऐवजी माणूस बाहेर ठेवणे अधिक सोपे वाटले.

११.
मग दार कोण राखत होते? याचे उत्तर गिरणीच्या भरतीपद्धतीत आहे. कामगार घेण्याचे काम मालक स्वतः करत नसे, ते जॉबरकडे असे. जॉबर आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी, दस्तुरी घेई, गैरहजर कामगाराच्या जागी कोणाला बदली म्हणून लावायचे हेही बहुतांशी तोच ठरवी. सकाळी फाटकाशी उभ्या राहिलेल्या गर्दीतून त्याने बोट केले तो आत जाई.

१२.
विणकाम शिकण्याचीही शाळा नव्हती. चुलत्याच्या, मामाच्या, गाववाल्याच्या मागाशेजारी उभे राहून मुलगा हात बसवून घेई. ज्याला त्या खात्यात पाऊलच ठेवता येत नाही, त्याने हे कौशल्य मिळवावे कोठे? आणि मग काही वर्षांनी म्हणायचे की या लोकांत चांगले विणकर नाहीत. आधी शिकू द्यायचे नाही आणि नंतर येत नाही म्हणून नाकारायचे, हे चक्र तुम्हाला ओळखीचे वाटेल. नोकरीतील भेदभावाचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ प्रकार आहे.

१३.
हे सारे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जवळून पाहिले होते. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. कोलंबिया आणि लंडन येथून पदव्या घेऊन आलेला हा अर्थशास्त्रज्ञ गिरणी कामगारांच्या शेजारी राहत होता. भोंग्याच्या आवाजाने जागी होणारी चाळ, शेजाऱ्यांचे पगार, त्यांची कर्जे हा सारा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला भाग होता.

१४.
१९२८ साल उजाडले. गिरणीमालकांनी खर्च कमी करण्यासाठी नव्या योजना आणल्या. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, सूतखात्यातही एकेका माणसावर अधिक काम टाकावे, असे ठरू लागले. कमी माणसांत अधिक काम, म्हणजे उरलेल्यांवर बेकारी. एप्रिलमध्ये संपाचा भडका उडाला आणि तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. याच संपात गिरणी कामगार युनियन जन्माला आली. श्रीपाद अमृत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर हे तिचे पुढारी. संयुक्त संप समितीत ना. म. जोशीही होते.

१५.
आता सूतखात्यातील अस्पृश्य कामगाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तीन मागांच्या योजनेने सर्वांत अस्वस्थ झालेला वर्ग विणकरांचा होता. त्या खात्यातील कामगारांच्या हक्कासाठी यानेही सहा महिने पगार सोडायचा, उधारी वाढवायची, मुलांना अर्धपोटी ठेवायचे. आणि संप जिंकल्यावर? त्या खात्याचे दार याच्यासाठी बंदच राहणार, आणि ते बंद ठेवणारे हात याच्याच बरोबर मोर्चात चालणाऱ्यांचे असणार. कामगार सारे एक, ही घोषणा त्याला कशी ऐकू येत असेल?

१६.
आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. अस्पृश्यांना विणकाम खात्यात काम करण्याचा हक्क ही संपाची मागणी करा; अन्यथा मी माझ्या लोकांना संपात राहण्यास सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. कामगार वर्गाच्या एकजुटीला ते विरोध करत नव्हते. एकजूट खरी असेल तर तिचा आरंभ खात्याच्या आतून व्हावा, इतकेच त्यांचे म्हणणे होते. पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना, ही मागणी मान्य केली.

१७.
मागणी मालकांसमोर गेली तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर फार महत्त्वाचे आहे. हा अन्याय असेल तर असो, पण त्याला आम्ही जबाबदार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. आणि एका अर्थाने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेऊ नये असा नियम मालकांनी लिहिलेला नव्हता. दार रोज बंद करत होते ते जॉबर आणि सहकामगार.

१८.
परंतु सर्वांची उत्तरे शेजारी शेजारी मांडून पाहा. मालक म्हणतो, मी मनाई केली नाही. जॉबर म्हणतो, मी घेतले तर बाकीचे काम सोडतील. कामगार म्हणतो, ही रूढी आहे, मी निर्माण केलेली नाही. पुढारी म्हणतो, आधी सर्वांचा लढा जिंकू, मग पाहू. प्रत्येकाचे उत्तर स्वतःपुरते बरोबर वाटते. आणि चौघांची मिळून एक भिंत उभी राहते. जिची जबाबदारी कोणाचीही नाही, अशी भिंत पाडायची कोणी?

१९.
या थ्रेडचा गाभा हाच आहे. कामाच्या ठिकाणचा भेदभाव द्वेषावर जितका जगतो, तितकाच उत्तरदायित्वाच्या अभावावरही जगतो. म्हणून त्यावरच्या उपायाची खरी परीक्षा एका प्रश्नाने होते: उत्तर देण्याची पाळी कोणावर आली?

या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या संपापूर्वी सव्वीस वर्षे, मुंबईपासून फार लांब नसलेल्या एका संस्थानात दिले गेले होते.

२०.
ते संस्थान म्हणजे कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली अधिकार हाती घेतले, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. येथेही इतरांना मनाई करणारा लेखी नियम नव्हता. शिक्षण एका वर्गाकडे होते, ओळखी त्याच वर्गाकडे होत्या, आणि रिकामी जागा आपोआप त्याच वर्गाकडे जाई. गिरणीतील जॉबरचे बोट आणि कचेरीतील शिफारसपत्र यांचे काम एकच होते.

२१.
२६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबाराचा आदेश प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. आदेशाचा सारांश असा: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात. ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण आज निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करावी. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सारे मागासलेले, अशी व्याख्याही त्यात होती.

२२.
या आदेशातील पन्नास टक्के हा आकडा सर्वांना ठाऊक असतो. त्यातील एक साधे कलम मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रत्येक खातेप्रमुखाने आपण केलेल्या नेमणुकांचे विवरण दर तिमाहीस सादर करावे, असे ते कलम होते. येथे रूढीला प्रथमच नाव आणि पत्ता मिळाला. ‘योग्य उमेदवार आलाच नाही’ हे उत्तर आता कागदावर लिहून, सही करून द्यावे लागणार होते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा द्यावे लागणार होते. सद्‌भावनेला हिशोबाची जोड मिळाली.

२३.
तरीही नेमणूक म्हणजे शेवट नव्हे, हेही कोल्हापूरच शिकवते. गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकरीस होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या रागातून त्यांना तेथील स्पृश्य नोकरांनी मारहाण केली. नोकरी होती, पगार होता, पण पाणी वेगळेच होते. महाराजांनी मारहाण करणाऱ्यांना शासन केले, आणि कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात स्वतः चहा घेण्यास जाऊ लागले. राजा जेथे चहा पितो तेथे विटाळ कसला, हा प्रश्न कोल्हापूरला त्या पेल्याने विचारला. परंतु प्रत्येक कामगाराच्या पाठीशी राजा उभा राहू शकत नाही. त्यासाठी नियम लागतात.

२४.
आता पुन्हा मुंबई इलाख्याकडे येऊ. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आंबेडकरांनी तेथे गिरण्यांबरोबर रेल्वेचेही उदाहरण मांडले. रुळांवर राबणारा गँगमन म्हणून अस्पृश्याला घेतले जाई. स्टेशनवरचा पोर्टर म्हणून सहसा नाही. का? कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेत असे, आणि अस्पृश्याला घरात घेता येत नसे. कारखान्यात वरच्या कुशल जागांची वाटही त्याला बंद होती. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली.

२५.
सरकारी नोकऱ्यांतील चित्र हळूहळू बदलत होते. १९३२ च्या पुणे करारात अस्पृश्यांना सार्वजनिक सेवांत योग्य प्रतिनिधित्व देण्याचा प्रयत्न करण्याचे मान्य झाले होते. परंतु १९३४ साली हिंदुस्थान सरकारने केंद्रीय सेवांत मुसलमानांसाठी २५ टक्के आणि इतर अल्पसंख्याकांसाठी ८⅓ टक्के जागा ठेवल्या, तेव्हा अनुसूचित जातींसाठी निश्चित आकडा ठेवला नाही. योग्य उमेदवार मिळाल्यास पाहू, असा तो सूर होता. सदिच्छा होती, हिशोब नव्हता.

२६.
१९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाइसरॉयना सादर केले. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा निश्चित झाल्या. वयोमर्यादा तीन वर्षांनी शिथिल झाली आणि परीक्षेचे शुल्क एक चतुर्थांशावर आले. उशिरा शाळेत गेलेल्या, शुल्कासाठी पैसे नसलेल्या मुलाचा विचार त्या दोन तरतुदींत दिसतो. १९४६ मध्ये हे प्रमाण १२½ टक्के झाले.

२७.
२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत संधीची समानता दिली, आणि त्याच्याच चौथ्या खंडाने पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याची मुभा दिली. कोल्हापूरच्या तिमाही विवरणातील कल्पना आता देशाच्या मूलभूत कायद्यात आली होती. शासनाला विचारता येणार होते: तुमच्या कचेरीत कोण आहे, आणि कोण नाही?

२८.
पण नीट वाचा. ही तरतूद राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांपुरती आहे. साळखात्याचे दार खासगी गिरणीत होते. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून धंदा वा व्यवसाय करण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला. मात्र ‘कोणत्याही कामावरील नोकरी’ हे शब्द त्या कलमात १९७६ च्या दुरुस्तीने आले. गिरणगावातील विणकाम खात्याचा प्रश्न १९२८ साली संपाच्या मागणीपर्यंत पोहोचला होता. कायद्याच्या त्या शब्दांपर्यंत पोहोचायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

२९.
खासगी गिरणीचे दार कायद्याने उघडता येते का? याची तुलना करण्याजोगे उदाहरण अमेरिकेच्या दक्षिणेतील कापडगिरण्यांत सापडते. तेथे मुंबईसारखी अलिखित रूढी नव्हती, सरळ कायदाच होता. साउथ कॅरोलिना राज्याने १९१५ साली कापडगिरण्यांत गोऱ्या आणि काळ्या कामगारांना एकाच खोलीत काम करण्यास मनाई केली. पाण्याची बादली आणि पेलासुद्धा एक असता कामा नये, असे त्यात होते. फरशी पुसणारे आणि शौचालये साफ करणारे मात्र या मनाईतून वगळले होते. गिरणगावातील वाचकाला यातील एकही ओळ परकी वाटली नसती.

३०.
तो कायदा १९६० मध्ये रद्द झाला, पण तेवढ्याने गिरण्यांत फारसा फरक पडला नाही. सवय कायद्याहून चिवट असते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खासगी मालकालाही भरतीतील भेदभावासाठी उत्तरदायी केले. १९६५ च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांना भेदभाव टाळण्यासाठी सकारात्मक पावले उचलणे बंधनकारक केले. लष्कराला कापड पुरवणाऱ्या अनेक गिरण्या त्यात आल्या. पुढील पाच-सहा वर्षांत त्या राज्याच्या गिरण्यांतील काळ्या कामगारांचे प्रमाण झपाट्याने वाढले. जे अर्धशतकात झाले नव्हते, ते उत्तर मागणारा कोणीतरी उभा राहताच होऊ लागले.

३१.
आपल्याकडे काय? २००७ साली अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतील जाहिराती पाहून खासगी कंपन्यांना अर्ज पाठवण्यात आले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी: काही उच्चवर्णीय, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. धोटा कधीच संग्रहालयात गेला. आता आडनाव पाहिले जाते.

३२.
आरक्षणावर वाद होतात आणि ते व्हावेत. त्याचे प्रमाण किती, मुदत किती, लाभ कोणाला, हे लोकशाहीत चर्चेचेच विषय आहेत. परंतु चर्चेत ‘पूर्वी सारे गुणवत्तेवर चालत होते’ असे कोणी म्हटले, तर त्याला साळखात्याच्या दाराशी घेऊन जा. तेथे गुणवत्तेची परीक्षा कधी झालीच नाही. विणकाम येते का, असे कोणी विचारले नाही. विचारले गेले ते इतकेच, की तुझे तोंड लागलेला धोटा आम्हाला चालेल का?

३३.
आज गिरणगावात गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आणि काचेची कार्यालये उभी आहेत. तेथून जाताना एखादी जुनी चिमणी दिसली, तर १९२८ च्या संपातला तो सूतखात्यातील कामगार आठवा. ज्या खात्यात त्याला पाऊल ठेवता येत नव्हते, त्या खात्यातील माणसांसाठी तोही सहा महिने उपाशी राहिला होता. त्याचा प्रश्न साधा होता, आणि आपण जेथे काम करतो, जेथे उद्या काम करू, तेथेही तो विचारता येतो: हे दार बंद असेल, तर त्याचे उत्तर कोण देणार?

(समाप्त)

आपल्या घरात गिरणीत काम केलेले कोणी ज्येष्ठ असतील, तर ते कोणत्या खात्यात होते आणि तेथे कामाला कसे लागले, हे त्यांना अवश्य विचारा. या इतिहासाचा मोठा भाग अजून आठवणींतच आहे.